चौकातलं अभिनंदन

थोरल्या सुनेच्या, मंजुषाच्या हातून पोह्यांच्या डब्याचं झाकण निसटलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर उभ्यानं गोल गोल फिरत राहिलं, हळूहळू कलंडलं आणि शेवटी थरथरून गप्प झालं.

"उचला की गं कुणीतरी," शालनबाई दोन्ही सुनांना म्हणाल्या.

कुणी उचललं नाही. सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या ओंकारच्या फोनवर होत्या. ओंकार सकाळी दूध आणायला म्हणून चौकात गेला होता आणि दूध न आणताच हा फोटो घेऊन परत आला होता. फोटोत रहाटणीच्या चौकातला विजेचा खांब, खांबाला बांधलेला भला थोरला फ्लेक्स आणि फ्लेक्सवर त्याची बायको. अपेक्षा. नऊवारीतली, नथ घातलेली. फोटो वास्तुशांतीतला होता. शेजारी उभी असलेली मामेसासू कापून टाकली होती, पण तिचा हात कापायचा राहिला होता. त्यामुळे कुणाचा तरी बांगड्या भरलेला हात अपेक्षाच्या खांद्यावर नुसताच ठेवलेला दिसत होता.

खाली लाल-पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'रहाटणीची शान! आमच्या घरची लक्ष्मी सौ. अपेक्षा ओंकार यांची चाकण येथील नामांकित कंपनीच्या आयटी हेडपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि तिच्या फोटोच्या दुप्पट आकाराचा, हात जोडलेला, गॉगल कपाळावर चढवलेला तिचा मोठा दीर. शुभेच्छुक, रणजीतदादा, इच्छुक उमेदवार.

"दादा," अपेक्षा म्हणाली. आवाज वर जाऊ नये म्हणून तिनं टेबलाची कड धरली होती. "मी आयटी हेड नाहीये."

"होशीलच की." रणजीतनं चहात बिस्किट बुडवलं.

"माझी कोर्ससाठी निवड झालीय. कोर्ससाठी. दोन वर्षं शिकायचंय मला. आयटी हेड उद्धव सर आहेत. ते माझे साहेब आहेत, ते अजून त्या खुर्चीत बसतात आणि ते पिंपळे सौदागरला राहतात. म्हणजे त्यांची भाजी आपल्याच चौकातून येते."

"हे बघ अपेक्षा, मी आधी तसंच लिहून दिलं होतं. पदव्युत्तर शिक्षणासाठी निवड. फ्लेक्सवाल्यानं स्क्रीनवर टाकलं, मी वाचलं आणि म्हणलं, थांब भावा. पस्तिशीतली बाई, एका पोरीची आई, कॉलेजला निघाली हे चौकात लावायचं? लोक म्हणतील राहिलेले विषय सोडवती. अभिनंदन कुणी निघाल्याचं करतं का? पोचल्याचं करतात."

ओंकारला हसू फुटलं. अपेक्षानं नुसतं पाहिलं, तसं त्यानं ते खोकल्यात घातलं.

या घराला फ्लेक्सचं नावीन्य नव्हतं. रणजीत-मंजुषाचा, आता हॉस्टेलला असलेला गणराज दहावी पास झाला तेव्हा लागला होता. तात्यांचं, म्हणजे सासऱ्यांचं, गुडघ्याचं ऑपरेशन यशस्वी झालं तेव्हाही लागला होता. त्यात तात्या हॉस्पिटलच्या कपड्यांत विजयाची खूण करत होते. अपेक्षा तेव्हा पोट धरून हसली होती. आज तिला ते हसणं आठवलं आणि स्वतःचाच राग आला.

कंपनीनं बजावलं होतं, सही होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. तिनं फक्त ओंकारला सांगितलं. ओंकारनं तात्यांना सांगितलं. तात्यांनी देवळासमोरच्या कट्ट्याला.

"पण पोरगी हुशारच हाय," अर्जुनराव तात्या दारातून म्हणाले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल. "त्यात खोटं काय लिवलं? आज न्हाई तर उद्या."

"तात्या, उद्याचं आज लिहिलं की त्याला खोटंच म्हणतात."

"मला येकच कळंना," शालनबाईंनी शेवटी स्वतःच वाकून झाकण उचललं आणि पदराला पुसलं. "सोमवार ते शुक्रवार चाकण. शनिवार-रविवार कॉलेज. मंग ही घरी कवा यायची? पाहुणी म्हणून? आमी निवद दाखवायचा व्हय हिला?"

"आत्या, दोनच वर्षं."

"पोरगी सहा वर्षांची हाय. तिला दोन वर्षं म्हंजे लई असतंय गं."

हे शालनबाई टोमण्याच्या सुरात बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. टेबलाखाली ईश्वरी बसली होती. चादरीचा तंबू करून, आत दोन बाहुल्या आणि एक पोळपाट घेऊन. अपेक्षाला तिची फक्त टाच दिसत होती. टाचेवर स्केचपेननं काढलेलं फूल. काल रात्री झोपताना तिनं ते 'पुसू नको हं' असं बजावलं होतं.

दोन वर्षं. अपेक्षानं ती मनात कितीदा उलटसुलट करून पाहिली होती. गेल्या वर्षी कंपनीच्या सिस्टिममध्ये व्हायरस शिरला आणि सुट्या भागांची अख्खी लाइन बंद पडली, तेव्हा सर्व्हर पुन्हा उभे केले ते तिनं. तीन रात्री घरी आली नव्हती. पण नंतर डायरेक्टरांच्या मीटिंगमध्ये तिला विचारलं, हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, कशावर आधी खर्च करायचा, कशावर नाही, धोका नक्की कुठं किती, तेव्हा तिची जीभ वळेना. ती वायर, पासवर्ड, बॅकअप सांगत राहिली आणि समोरचे घड्याळ बघत राहिले. मग एक बाहेरचा सल्लागार आला, तेच सगळं दुसऱ्या भाषेत बोलला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ती भाषा तिला शिकायची होती. यंत्रांबद्दल नव्हे, यंत्रांवरून माणसांना निर्णय घ्यायला कसं लावायचं त्याबद्दल. आयटीत वरच्या जागांवर पोचलेल्यांसाठीच तो कोर्स होता. कंपनी फक्त एकाला पाठवणार होती, आणि उद्या सकाळी डायरेक्टर तिच्या नावावर सही करणार होते. करणार होते, जर उद्धव सरांनी तिची फाइल पुढं सरकवली तर.

"फ्लेक्स आत्ता उतरवा, दादा. प्लीज. सरांनी बघायच्या आत."

रणजीतनं बिस्किट संपवलं, हात झटकले आणि म्हणाला, "साहेब बघतीलच. अकरा वाजता येणारेत ना."

"कोण साहेब?"

"तुझेच. उद्धवराव. सत्कार ठेवलाय आपण, घरगुती. शाल, श्रीफळ. साहेब प्रमुख पाहुणे. नंबर ओंकारनं दिला तुझ्या फोनमधून. काल बोललो मी. फार सज्जन माणूस! म्हणाले, कशाचा सत्कार? मी म्हणलं, या तर खरं."

अपेक्षा नवऱ्याकडे वळली. ओंकार दूध आणायला निघून गेला.

*

फेटेवाला साडेदहालाच आला. भावकीतले थोरले म्हणून चुलते सोपानराव आले, काखेत शाल. रणजीतचा उत्साह असा की फेटा सोपानरावांना बांधला, तात्यांना बांधला, अपेक्षा 'नको' म्हणत असताना तिला बांधला आणि उद्धव सर उंबरठ्याच्या आत पाऊल टाकतात न टाकतात तोच त्यांनाही खुर्चीत बसवून बांधायला घेतला. ते काहीतरी म्हणत होते, पण फेटेवाल्यानं त्यांची हनुवटी धरून मान सरळ केली होती.

उद्धव सर. इस्त्रीच्या घडीसारखा माणूस. ऑफिसात कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाच्या घरी गेला नाही. आता डोक्यावर भगवा फेटा, मांडीवर नारळ आणि समोर फेट्याच्या शेमल्याकडे टक लावून बघणारी ईश्वरी.

"याला शेपूट का असतं?" तिनं विचारलं.

"मलाही आजच कळतंय, बाळा," सर म्हणाले.

अपेक्षानं 'सर, मला यातलं काहीच' अशी सुरुवात केली. सरांनी हात वर करून थांबवलं.

"फ्लेक्स बघितला मी. छान आहे. म्हणजे आधी माझ्या मिसेसनं बघितला. कोथिंबीर आणायला गेली होती. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, तुमची नोकरी गेली हे मला चौकातून कळायचं का?"

सोपानराव मांडीवर थाप मारून मोठ्यानं हसले. इतर कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी शालीची घडी पुन्हा नीट केली.

"साहेब, तो शब्द जरा माझ्याकडनं..." रणजीत म्हणाला.

"तुमचं प्रेम कळलं. पण प्लँटच्या ग्रुपवर फोटो फिरतोय. मी अजून खुर्चीत आहे बरं का, रणजीतराव. निवृत्तीला अवकाश आहे." सरांनी फेट्याखालची घामाची धार रुमालानं टिपली. मग ते तात्यांकडे वळले, कारण या घरात कुणाशी बोलायचं ते त्यांनी ओळखलं होतं. "मी फोनवरच फैलावर घेतलं असतं हिला. पण आलो, म्हटलं घर बघावं. त्याचं कारण सांगतो. मागच्या वेळी कंपनीनं ज्याला या कोर्सला पाठवलं, त्यानं अर्ध्यात सोडला. हुशार मुलगा. घरून जमेना. त्यामुळे उद्या डायरेक्टर मला एकच प्रश्न विचारणार, ही सोडणार नाही कशावरून?"

"न्हाई सोडणार," तात्या म्हणाले. "आमची सून हाय."

"मीही तेच सांगणार होतो. का सांगू? मुलाखतीत मीच विचारलं होतं हिला, शनिवार-रविवार मुलीचं काय? भल्याभल्यांची तिथं तंतरते. हिनं क्षणभरसुद्धा घेतला नाही. म्हणाली, सर, आमची जॉइंट फॅमिली आहे, मोठ्या जाऊबाई घरीच असतात, मुलगी माझ्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त असते, तो प्रश्नच नाही. पॅनल एकदम खूश!" सरांनी दाराकडे पाहिलं. मंजुषा पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. "तुम्हीच ना त्या? नशीब लागतं हो अशी जाऊ मिळायला."

मंजुषा पुढं आली. एक बशी सरांच्या हातात दिली. चमचा नीट लावला.

"हो का?" ती म्हणाली. "असं म्हणाली का ती? लिंबू पिळू, साहेब?"

आवाज तिचा रोजचाच होता. पण अपेक्षा या घरात दहा वर्षं राहिली होती. मंजुषाताई रागावली की भांडी आपटत नाही, उलट सगळं फार अलगद ठेवते, हे तिला माहीत होतं. दुसरी बशी तिच्यासमोर इतकी अलगद आली की काचेचा आवाजसुद्धा झाला नाही.

सर साधे होते, पण मठ्ठ नव्हते. त्यांनी चमचा बशीत ठेवला.

"विचारलं होतंस ना यांना, अपेक्षा?"

पंखा फिरत होता. फेटा तिच्या कपाळावर घट्ट बसला होता आणि कानाच्या वर काहीतरी टोचत होतं.

"नाही, सर," ती म्हणाली.

"अस्सं." सरांनी दोन्ही हातांनी फेटा उचलला, अगदी सांभाळून, घडी न मोडता, आणि ईश्वरीच्या मांडीवर ठेवला. "संध्याकाळपर्यंत मला सांग. खरं काय ते. व्यवस्था होत नसेल तर तसं सांग, मी दुसरं नाव देतो, तुझ्यावर राग नाही. पण उद्या मी खोटं बोलणार नाही. आणि रणजीतराव, तो फ्लेक्स."

"साहेब, आठवडाभर तरी..."

"आज."

*

"त्यांनी तुला न विचारता तुझं नाव चौकात लावलं," मंजुषा म्हणाली. ओट्याकडे तोंड, पाठ अपेक्षाकडे. "तू मला न विचारता माझं नाव कंपनीत लावलंस. त्यांच्या फ्लेक्सवर निदान अभिनंदन तरी होतं."

"ताई, मला वाटलं..."

"काय वाटलं? 'घरीच असतात.' घरीच असते म्हणजे काय गं, मी फ्रिज आहे?"

अपेक्षाच्या डोक्यावर अजून फेटा होता. तो काढावा एवढंही तिला सुचत नव्हतं. "तुम्ही इतक्या प्रेमानं करता तिचं, मी खरंच कधी वेगळं..."

"करते. अजून करीन. ती माझ्याच अंगावर झोपायला शिकली." मंजुषा वळली. डोळे कोरडे होते, नाक तेवढं लाल झालं होतं. "पण मला बाई पुढच्या शनिवारपासून काम लागलंय."

"काम?"

"हळू. थेरगावला नवी बिल्डिंग होतीय ना, डांगे चौकाच्या पुढं. त्यांचा सॅम्पल फ्लॅट आहे. लोक बघायला येतात, त्यांना फिरवून दाखवायचं. ही किचन, ही बाल्कनी, इथं देवघर बसतं. माझी बी.कॉमची मैत्रीण आहे तिथं ऑफिसात, पूनम, तिनं नाव सुचवलं. लोक कधी येतात बघायला? शनिवार-रविवार. बाकीचे दिवस मी असतेच की 'घरी'."

"दादांना माहीत आहे?"

"त्यांना? त्यांना तिकीट हवंय. इच्छुक उमेदवाराची बायको बिल्डरकडं कामाला, विरोधक काय म्हणतील, हे मला तोंडपाठ आहे." तिनं कढईला चिकटलेला पोह्यांचा खरपुडा चमच्यानं सोडवला, तोंडात टाकला आणि तो चावता चावताच म्हणाली, "मला ते आवडतं गं, अपेक्षा. दोनदा जाऊन आले मी ट्रायलला. रिकाम्या घरात उभं राहून बोलायचं. कुणी पाणी मागत नाही, कुणी मोजे शोधत नाही. एक म्हातारं जोडपं आलं होतं, त्यांना मी वॉशिंग मशीन कुठं ठेवायचं ते दाखवलं, तर ती बाई म्हणाली, तुमचं घर फार नीट असणार."

अपेक्षाला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. मग हसू आवरलं, रडू नाही. मंजुषानं चार पावलं पुढं येऊन तिच्या डोक्यावरचा फेटा उचलून घेतला.

"रडायचं नंतर. तुझा कोर्स शनिवार-रविवार, माझं काम शनिवार-रविवार. पोरगी एक. आता बोल."

"मी नाही म्हणून कळवते सरांना."

"वा! म्हणजे घरात सगळे म्हणणार मंजुषामुळे गेलं हिचं. तेवढं नको मला. तू माझ्या डोक्यावर बसून शहीद होऊ नकोस." मंजुषानं फेटा ओट्यावर ठेवला. "या घरात आणखी चार माणसं आहेत. चौघंही चालती-फिरती आहेत. चल बाहेर."

*

बाहेर सोपानराव गेले होते. नारळ तसाच होता. रणजीत फोनवर कुणाला तरी 'आत्ताच उतरवायचा नाही, संध्याकाळी बघू' असं सांगत होता. मंजुषानं ते ऐकलं आणि उभ्या उभ्याच आपलं सांगून टाकलं. सॅम्पल फ्लॅट, पूनम, पुढचा शनिवार. वाढून ठेवल्यासारखं, एका दमात.

"डोकंबिकं ठिकाणावर आहे का?" रणजीत ताडकन उठला. "निवडणूक तोंडावर आलीय आणि माझी बायको लोकांना संडास-बाथरूम दाखवत फिरणार?"

"टॉयलेट म्हणायचं असतं. शिकवलंय मला तिथं."

"तात्या, बघा हिचं! आणि ही दुसरी, हिचं कॉलेज! घरातल्या बाया घराबाहेर पडल्या की लोकांना..."

"घराबाहेर पडल्या?" अपेक्षा म्हणाली. "सकाळी तर मी रहाटणीची शान होते, दादा."

"ते वेगळं! ते पदाचं होतं!"

अपेक्षाला वाटलं होतं, आता शालनबाई थोरल्या लेकाची बाजू घेणार. घेतच आल्या होत्या. पण शालनबाई टेबलावरचा तो फोन जवळ घेऊन, दोन बोटांनी फोटो मोठा करत बसल्या होत्या. वर, खाली, कोपऱ्यात, गोल चौकटींतले छोटे छोटे चेहरे.

"ह्यो सोपानराव," त्या म्हणाल्या. "ह्यो तुजा अध्यक्ष. ह्यो कोण, मला म्हाईत न्हाई. हे आपलं तात्या. आन् मी कुठं हाय?"

"काय?"

"माजा फोटो कुठं हाय, रणजीत? हिला लग्नापासनं सकाळी उठून डबा कोण देतंय? तुजा अध्यक्ष देतो व्हय?"

"आई, जागा नव्हती गं."

"तुजं तोंड येवढं मोठं लावायला जागा व्हती. आईपुरती नव्हती." त्यांनी फोन पालथा ठेवला. "दे मंजूला जाऊ. तुज्या तिकिटापायी तिनं का बसायचं? तिकीट मिळाल्यावर तरी कुठं तू आमचा फोटो लावणार हायेस!"

रणजीतनं तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. गुडघ्याच्या फ्लेक्सवर तरी आपण एकटे होतो, असं काहीसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"बरं, मग पोरीचं कोण बघणार?" रणजीत शेवटचं म्हणाला.

"मी बघतो की." ओंकार. दुधाची पिशवी हातात, दारात. कधी आला कुणी पाहिलं नाही. "शनिवारी माझं वर्कशॉप अर्धा दिवसच असतं. ते पण बंद ठेवीन. त्यात काय, सोपं आहे."

त्याचं 'सोपं आहे' ऐकून दोघी जावांनी एकाच वेळी त्याच्याकडे मान वळवली.

"भाऊजी, सोपं?" मंजुषा म्हणाली. "सांगा बघू, ईश्वरी काय खात नाही?"

ओंकारनं विचार केला. "भेंडी."

"मला भेंडी आवडते!" टेबलाखालून आवाज आला.

"दोडका?"

"तो पण!"

"शनिवारी सकाळी तुमचं टर्फवरचं क्रिकेट असतं, त्याचं काय?" अपेक्षानं विचारलं. इतकी वर्षं ती हे विचारताना आवाजात साखर घालायची. आज घातली नाही.

"सोडतो." तो म्हणाला. मग थोडं थांबून, "दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"सोडतो," तो पुन्हा म्हणाला, पण या वेळी त्याला ते खरंच कळलं होतं. त्यानं दुधाची पिशवी मंजुषाकडे द्यायला हात पुढं केला, मग तसाच मागं घेतला आणि स्वतः जाऊन पातेलं शोधू लागला. खालच्या कपाटात. पातेली वरच्या फळीवर असतात हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मग वाटण्या सुरू झाल्या. जमिनीच्या वाटण्यांना जसे आवाज चढले होते, तसेच चढले. शनिवार सकाळ ओंकारची. दुपार शालनबाईंची, कारण तेव्हा त्या तशाही पडलेल्या असतात आणि ईश्वरी शेजारी पडेल. रविवारी तात्या, देवळापर्यंत फिरवून आणणार, पण कट्ट्यावर बसवायची नाही, घरी आणायची. अधूनमधून कॉलेजात आठवडाभर मुक्काम असेल तेव्हा अपेक्षाची आई काळेवाडीहून येणार, म्हणजे तिला विचारून. हे 'विचारून' अपेक्षानं स्वतःच दोनदा म्हटलं. रणजीतला काही दिलं नाही. अर्ध्या तासानं तोच म्हणाला, "रविवारी चित्रकलेच्या क्लासला मी सोडीन. तसाही त्या बाजूला असतो मी."

"आणि मी?" मंजुषा म्हणाली. "मी आहेच. पण मला धरून चालायचं नाही. लागलं तर विचारायचं. मी हो म्हणेन, नाहीतर नाही म्हणेन. आणि नाही म्हणाले तर तोंडं पाडायची नाहीत कुणी."

"मुलाखतीतलं ते," अपेक्षा म्हणाली, "ताई, ते मी..."

"जाऊ दे. पॅनल खूश झालं ना?" मंजुषाच्या ओठाचा एक कोपरा हलला. "पण मागून माझ्याबद्दल चांगलं बोललीस, ते एकदा तोंडावर बोल. पुढच्या महिन्यात बोललीस तरी चालेल. घाई नाही."

दुपार कलली. रणजीत कुरकुरत शिडी घेऊन चौकात गेला. तो गेल्यावर अपेक्षानं सरांना मेसेज लिहिला. तीनदा खोडला. शेवटी लिहिलं, 'सर, आज घरात सगळ्यांना विचारलं. व्यवस्था झाली आहे. मी अर्ध्यात सोडणार नाही.' आणि पाठवून टाकला. निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं, 'ठीक. उद्या नऊला केबिनमध्ये ये. फेट्याशिवाय.'

ती हसली. तिच्या अंगातून सकाळपासूनचं काहीतरी उतरलं, पायातून जमिनीत गेल्यासारखं. ओंकार ओट्यावर उतू गेलेलं दूध पुसत होता, मंजुषा त्याला कुठलं फडकं कशाचं ते सांगत होती, शालनबाई आत झोपल्या होत्या. झालं होतं सगळं. दोन वर्षं माणसांच्या नावांवर नीट वाटून झाली होती.

टेबलाखालचा तंबू हलला. ईश्वरी बाहेर आली, केस विस्कटलेले, गालावर पोळपाटाचा वळ उठलेला. ती न विचारता अपेक्षाच्या मांडीत चढली, जशी अजून चढायची, गुडघे पोटात घेऊन, आता मावत नसतानाही. अपेक्षानं तिच्या डोक्याचा वास घेतला. खोबरेल तेल आणि स्केचपेन.

"मम्मी, मी ऐकलं सगळं," ती म्हणाली आणि बोटं पुढं धरली. "शनिवारी सकाळी मी पप्पांची."

"हो."

"दुपारी आजीची. रविवारी आजोबांची. क्लासला मोठ्या काकांची. तू मुक्कामाला गेलीस की थेरगावच्या... नाही, काळेवाडीच्या आजीची."

"शाब्बास. सगळं पाठ झालं की माझ्या बाईचं!"

ईश्वरीनं बोटं पुन्हा एकदा तपासली. एका हाताची पाचही संपली होती, म्हणून तिनं दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला. तो तिनं बराच वेळ उभा धरला, मग मान वर करून आईकडे पाहिलं.

"आणि मला ताप आला तर? त्या दिवशी मी कुणाची?"